‘आराम करा’पासून ‘चाला’पर्यंत: बदललेल्या गुडघ्याचा आणि टिकवलेल्या उमेदीचा इतिहास

१/
नागपुरात गुडघा बदलून घरी परतलेल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या कानावर दिवसभर दोन परस्परविरोधी सूचना पडत असतात. फिजिओथेरपिस्ट सांगतो, ‘उठा, पाय वाकवा, चाला.’ भेटायला आलेली नातलग मंडळी सांगतात, ‘आता काही करू नका, निवांत पडून राहा.’ हेतू दोघांचाही चांगलाच असतो. मात्र या दोन सूचना वैद्यकाच्या दोन वेगवेगळ्या युगांतून आलेल्या आहेत.

२/
शस्त्रक्रियेनंतरच्या कंटाळवाण्या, वेदनामय आठवड्यांत उमेद कशी टिकवावी, हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. तो वाटतो तितका जुना नाही. एकोणिसाव्या शतकातील वैद्यक रुग्णाकडून प्रयत्नांची अपेक्षा करीत नसे. त्याला हवा होता संयम. प्रयत्न हा उपचाराचाच भाग कधी झाला, हे तपासले तर उमेद टिकवण्याची साधनेही त्याच इतिहासात सापडतात. हा थ्रेड त्याविषयी.

३/
प्रारंभ लिव्हरपूलपासून करावा लागतो. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला, परंतु रीतसर वैद्यकीय शिक्षण घेतलेला शल्यवैद्य. नितंब, गुडघा आणि घोटा यांच्या विकारांवरील त्याचा ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी सांध्याला विश्रांती द्यावी आणि ती सक्तीची, अखंड व दीर्घकाळची असावी, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. पाय सरळ धरून ठेवणारी ‘थॉमस स्प्लिंट’ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

४/
थॉमसचे म्हणणे त्या काळाला धरूनच होते. तेव्हा गुडघा निकामी होण्याचे एक मोठे कारण क्षयरोग हे होते आणि क्षयावर औषध नव्हते. प्रतिजैविके अजून अर्धशतकाहून अधिक दूर होती. जंतूंनी पोखरलेला सांधा हलवला तर दुखणे वाढे. तो महिनोन् महिने स्थिर ठेवला तर निदान प्राण तरी वाचत. रुग्णाचे कर्तव्य एकच, न हलता वाट पाहणे. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे जीव याच स्प्लिंटमुळे वाचले. ‘आराम’ या शब्दाला जी प्रतिष्ठा लाभली, ती अशी कमावलेली होती.

५/
सांधाच बदलून टाकावा, ही कल्पनाही त्याच काळातली. २० मे १८९० रोजी बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक याने एका सतरा वर्षांच्या मुलीच्या क्षयग्रस्त गुडघ्याच्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसवली. कल्पना काळाच्या फार पुढची होती. परंतु ज्या सांध्यांत क्षयाचे जंतू होते, त्यांतच ही कृत्रिम रचना बसवली जात असल्याने संसर्गापुढे तिचा टिकाव लागला नाही. गुडघाबदल पुढे सुमारे ऐंशी वर्षे व्यवहार्य उपचार होऊ शकला नाही.

६/
दरम्यान, दीर्घ विश्रांतीची किंमत दिसू लागली होती. प्लास्टरमधून बाहेर आलेला पाय बारीक झालेला असे. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा मोठा स्नायू गुडघा सरळ करतो आणि उभे राहताना शरीराचा भार पेलतो. वापर थांबला की तो झपाट्याने झिजतो. सांधा शाबूत, पण त्याला चालवणारा स्नायू हरपलेला, अशी अवस्था होई. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांनी लष्करी रुग्णालये भरू लागली, तेव्हा हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

७/
उत्तर शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयातून आले. थॉमस डीलॉर्म हा तेथील तरुण डॉक्टर. किशोरवयात संधिवाताच्या तापाने तो काही महिने अंथरुणाला खिळला होता आणि अंगमेहनत टाळण्याचा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने उलट मार्ग धरला. मिळेल त्या लोखंडाची वजने करून तो उचलत राहिला आणि बलदंड झाला. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने हाच प्रयोग गुडघ्याच्या रुग्णांवर केला. पायात लोखंडी बूट, बुटाला वजने, आणि बसल्या जागी पाय सरळ करणे.

८/
१९४५ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पद्धत साधी होती. रुग्ण जे वजन कसेबसे दहा वेळा उचलू शकतो, ते ठरवायचे. तेच वजन व्यायामाचा पाया मानायचे. ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजायचे आणि ताकद वाढली असेल तर वजन वाढवायचे. १९४८ च्या सुमारास डीलॉर्म आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स यांनी व्यायामाचा बोजा बराच कमी केला. आधी सात ते दहा फेऱ्या असत, त्या तीनवर आल्या. पहिली फेरी निम्म्या वजनाची, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. फेऱ्या घटवूनही फायदा टिकतो, असे त्यांना आढळले होते.

९/
या पद्धतीचे शारीरिक महत्त्व सर्वज्ञात आहे. तिचे मानसिक महत्त्व कमी सांगितले जाते. त्यापूर्वी रुग्णाला आपण बरे होत आहोत की नाही, हे डॉक्टरच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागे. आता त्याच्यापुढे आकडा आला. गेल्या आठवड्यात इतके, या आठवड्यात इतके. वेदना कालइतकीच असली तरी आकडा पुढे सरकलेला असू शकतो, आणि निराशेच्या दिवशी हा आकडाच साक्षीदार ठरतो. उमेद टिकवण्याचे पहिले साधन इतिहासाने दिले ते हे: प्रगतीची नोंद.

१०/
दुसरे साधन इंग्लंडमध्ये घडले. नाझी जर्मनीतून निसटून आलेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग हाती घेतला. अशा रुग्णांना तेव्हा मरणाची वाट पाहत ठेवले जाई. गुटमान यांनी त्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तेथे १६ रुग्णांची धनुर्विद्या स्पर्धा भरली. पॅरालिंपिकचे मूळ तेच. व्यायाम एकट्याने केला तर ओझे वाटतो. खेळात तोच व्यायाम सोबतीने आणि चुरशीने होतो, हे त्यांनी ओळखले.

११/
या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. भारतीय सैन्याच्या ईएमई दलातील हा जवान मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. कमरेखालील शरीर लुळे पडले. पोहणे त्यांच्या आयुष्यात उपचार म्हणून आले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत जिंकली. भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक.

१२/
पेटकरांची कथा गुडघ्याच्या रुग्णाला जशीच्या तशी लागू होत नाही. दुखापत वेगळी, वय वेगळे. तिच्यातून घेण्यासारखी गोष्ट मर्यादित, पण महत्त्वाची आहे. मुष्टियुद्ध परत मिळवण्याचा हट्ट त्यांना धरता आला नसता. उरलेल्या शरीराला साजेसे नवे ध्येय निवडावे लागले. याच सुमारास भारतात फिजिओथेरपी स्थिरावत होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले होते.

१३/
आता पुन्हा कृत्रिम सांध्याकडे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये ‘टोटल काँडिलर’ हा कृत्रिम गुडघा प्रत्यक्ष वापरात आला. आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा तो पूर्वज. जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह तो घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत होते. मध्य प्रदेशात जन्मलेले, इंदूरमध्ये वैद्यक शिकलेले. ग्लुकचे अपुरे राहिलेले स्वप्न धातू, प्लास्टिक आणि हाडाच्या सिमेंटने पुरे झाले.

१४/
सांधा सुधारला; स्नायूचा प्रश्न मात्र तसाच राहिला. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात क्वाड्रिसेप्सची ताकद निम्म्याहून अधिक घटते, असे मोजमापांत आढळले आहे. शिवाय जखम भरताना आत तयार होणारी ऊती सांध्याला जखडू लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा पुरेसा वाकवला नाही, तर ताठरपणा पक्का होण्याचा धोका असतो. मग काही रुग्णांना पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो. अर्धा उपचार शस्त्रक्रियागृहात होतो आणि उरलेला अर्धा घरच्या पलंगावर, रुग्णाच्या हातून.

१५/
किती वाकवायचा? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दैनंदिन हालचालींची मोजमापे झाली. सपाटीवर चालताना गुडघा सुमारे ६७ अंश वाकतो. जिना चढताना सुमारे ८३, उतरताना सुमारे ९० आणि खुर्चीतून उठताना सुमारे ९३ अंश. हे आकडे रुग्णाला कळले तर व्यायामाचा अर्थ बदलतो. ८३ अंश म्हणजे स्वतःच्या घराचा वरचा मजला. ९३ अंश म्हणजे कुणाचा हात न धरता उठणे. अमूर्त ‘बरे होणे’ ओळखीच्या जागांमध्ये विभागले जाते.

१६/
हे आकडे खुर्चीवर जगणाऱ्या समाजाचे आहेत. आपल्याकडे पंगतीला मांडी घालून बसायचे असते, देवघरापुढे जमिनीवर टेकायचे असते, उकिडवे बसून काम करायचे असते. या सर्वांना ११० अंशांच्या बरेच पुढे जाणारा वाक लागतो आणि बऱ्याच रुग्णांना खाली बसणे टाळण्याचाच सल्ला मिळतो. त्यामुळे अनेकांना चालता येऊ लागल्याचा आनंद होतो आणि मांडी सुटल्याची हळहळही लागते. ती हळहळ खरी आहे. ‘चालता येते ना, मग झाले’ असे म्हणून ती संपत नाही.

१७/
उमेदीचा प्रश्न यंत्राने सोडवता येईल का? कॅनडातील शल्यवैद्य रॉबर्ट साल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवले की सांधा सतत हळूहळू हलवत ठेवल्यास कूर्चा चांगली भरून येते. त्यातून पाय आपोआप वाकवणारे यंत्र निघाले आणि गुडघाबदलानंतर त्याचा भरपूर वापर झाला. पुढे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. या यंत्रामुळे वाकात सरासरी दोन अंशांच्या आसपासच भर पडते, असे दिसले. रुग्ण निजलेला असताना यंत्र सांधा हलवू शकते. पाय उचलण्याचे काम मात्र रुग्णालाच करावे लागते.

१८/
तो पाय उचलेल की नाही, हे कशावर ठरते? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसाच्या प्रयत्नाची चिकाटी ठरवतो. आणि तो विश्वास प्रामुख्याने प्रत्यक्ष जमलेल्या लहान गोष्टींतून येतो, उपदेशातून कमी. डीलॉर्मच्या वजनांच्या नोंदी तीस वर्षे आधी नेमके हेच घडवत होत्या. आज पलंगापासून दारापर्यंत, उद्या दारापासून अंगणापर्यंत. जमलेले प्रत्येक पाऊल पुढच्या पावलाचे भांडवल होते.

१९/
महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले गुडघे मात्र एका पंतप्रधानांचे. १० ऑक्टोबर २००० रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला गेला. शस्त्रक्रिया करण्यासाठी न्यूयॉर्कहून आले होते तेच डॉ. राणावत. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया तेथेच ७ जून २००१ रोजी झाली. गुडघाबदल हा शब्द त्या दिवसांत वृत्तपत्रांतून भारतीय घराघरांत पोहोचला.

२०/
या दोन तारखांच्या मधले आठ महिने लक्षात घेण्याजोगे आहेत. पंचाहत्तरीतला माणूस पहिल्या गुडघ्याची सारी वेदना अनुभवून दुसऱ्यासाठी परत आला. दुसऱ्या खेपेला पुढची एक मोठी जबाबदारीही समोर होती. पाकिस्तानच्या मुशर्रफ यांना चर्चेचे निमंत्रण मे महिन्यातच गेले होते आणि आग्र्याची शिखर बैठक १४ ते १६ जुलै २००१ या काळात झाली. शस्त्रक्रियेपासून ३७ दिवसांत वाजपेयी वाटाघाटींना उभे होते. अर्थात, त्यांच्या दिमतीला सारी यंत्रणा होती. सामान्य घरात तारीख वेगळी असते. नातीचे लग्न, गावची जत्रा, बँकेत स्वतः जाण्याचा पहिला दिवस. तारीख ठरलेली असली की व्यायामाला कारण मिळते.

२१/
याच इतिहासाला एक काळी बाजू आहे. बरे होण्यासाठी प्रयत्न करणे हे रुग्णाचे कर्तव्य ठरले, तसे बरे न होणे हा रुग्णाचा दोष ठरू लागला. ‘व्यायाम केला नसेल’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. वास्तविक गुडघाबदलानंतर साधारण पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. कारणे अनेक असतात. संसर्ग, सांध्याची बसवण, आधीचा ताठरपणा, न आवरलेली वेदना, खिन्नता. वेदना अचानक वाढली, ताप आला, पोटरी सुजली तर जिद्दीने व्यायाम रेटणे चूक. डॉक्टरांना गाठणे योग्य.

२२/
प्रयत्न आणि मर्यादा एकत्र कशा नांदतात, याचे उदाहरण विदर्भातच आहे. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. मणक्याच्या विकाराने पुढे त्यांना बसणे अशक्य झाले. एक तर उभे राहायचे किंवा आडवे पडायचे. ते दुखणे गेले नाही. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तरीत प्रवेश करताना, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा वाहनात आडवे. शरीर पूर्ववत होण्याची वाट पाहत त्यांनी काम थांबवले नाही. शरीराला झेपेल असा कामाचा प्रकार शोधला.

२३/
आज हा विषय मूठभरांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळता ५४,७२० रुपयांवर आला. सांधा स्वस्त झाला. त्यानंतरचे तीन महिने मात्र कोणत्याही आदेशाने सोपे होत नाहीत. नागपुरातील ‘मेडिकल’सारख्या मोठ्या रुग्णालयापासून खेड्यातल्या घरापर्यंत जाताना फिजिओथेरपिस्ट मागे राहतो आणि व्यायामाचा कागद तेवढा सोबत येतो. तेथे घरच्यांची भूमिका निर्णायक ठरते.

२४/
इतिहास घरच्यांना काय सुचवतो? डीलॉर्मकडून वही: कॅलेंडरवर रोजचा वाक, रोजची पावले. गुटमान यांच्याकडून सोबत: सकाळच्या फेरीला नातवंडाने बरोबर चालणे. आग्र्याकडून तारीख. बांडुरांकडून लहान पायरी. आमटे यांच्याकडून ध्येयाचा नवा आकार: मांडी घालता येत नसेल तर देवघरापुढे खुर्ची आणि पंगतीत टेबल, कोणताही टोमणा न मारता. व्यायामापूर्वी वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर देणे आणि व्यायामानंतर बर्फाने शेकणे हीदेखील उमेदीचीच कामे. कारण वेदना अंगावर काढून कुणाची चिकाटी फार दिवस टिकत नाही.

२५/
थॉमसच्या काळात ‘आराम करा’ हा जीव वाचवणारा सल्ला होता. म्हणूनच तो मायेच्या भाषेत इतका खोल रुजला. पाणी उशाशी आणून देणे, रुग्णाला उठू न देणे, ही त्याच मायेची रूपे. आज तीच माया थोडी वेगळी वागू शकते: पाण्याचा तांब्या उशाशी न ठेवता चार पावलांवर ठेवायचा, वॉकर हाताशी द्यायचा आणि पहिल्यांदा तो तांब्या स्वतः उचलला गेला, की त्या दिवसाची नोंद वहीत करायची. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या त्यानंतर कधीतरी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, ८३ अंशांचा हिशेब जुळला की.